घरच्या घरी वार्धक्य : स्वावलंबनाचा विचार



मनुष्य दीर्घायुषी व्हावा ही इच्छा फार जुनी आहे. ती बऱ्याच अंशी सफल झाली, हे मात्र नवे आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात साठ वर्षांवरील स्त्रीपुरुषांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के इतकी होती. त्यांपैकी सात कोटींहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. राज्यवार पाहता वृद्धांच्या प्रमाणात केरळचा क्रम पहिला, १२.६ टक्के, आणि त्याच्या खालोखाल गोव्याचा, ११.२ टक्के. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. जो प्रश्न इतर प्रांतांच्या दाराशी आता येऊन ठेपला आहे, तो गोमंतकातील घराघरांच्या ओसरीवर केव्हाच येऊन बसलेला आहे.

या व्याख्यानाचा विषय वृद्धाश्रम हा नाही. बहुसंख्य वृद्ध आजही स्वतःच्या किंवा मुलाबाळांच्या घरीच राहतात, आणि तेथेच राहावे अशी त्यांचीही इच्छा असते. विचार करावयाचा तो याचा की, घरी राहणारी वृद्ध व्यक्ती स्वतःचा दिवस स्वतः चालवीत असते, की तिचा दिवस इतर कोणी चालवीत असते. आरोग्य म्हणजे रोगाचा अभाव एवढेच धरले, तर सत्तरीनंतर निरोगी माणूस विरळाच सापडेल. कोणाचा रक्तदाब वाढलेला असतो, कोणाला मधुमेह असतो, कोणाचे गुडघे धरलेले असतात. परंतु रोग असूनही जो सकाळी आपल्या पायांनी उठतो, स्नान करतो, आपल्या हाताने जेवतो आणि आपल्या पैशाचा हिशेब आपण ठेवतो, त्याचे वार्धक्य समर्थ म्हटले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वार्धक्यावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातील मुख्य विचार हाच आहे. माणसाच्या अंगची शक्ती आणि त्याच्या सभोवतालची परिस्थिती या दोहोंच्या मेळातून त्याचे कर्तेपण सिद्ध होते, असे तो अहवाल सांगतो.

हे कर्तेपण मोजण्याची रीतही शोधून काढण्यात आलेली आहे. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी सिडनी कॅट्झ या वैद्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली सहा नित्यकर्मांची एक सूची प्रसिद्ध केली : स्नान, वस्त्र परिधान करणे, शौचास जाणे, अंथरुणातून किंवा आसनावरून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांचे निरीक्षण करताना त्यांना एक विलक्षण क्रम दिसून आला. बरे होणाऱ्या रुग्णास प्रथम जेवता येऊ लागते आणि मलमूत्रावर ताबा येतो. नंतर उठणे-बसणे व शौचास जाणे. आणि सर्वांत शेवटी वस्त्र व स्नान. लहान मूलही बहुधा याच क्रमाने शिकते. शक्ती ओसरू लागली म्हणजे हाच क्रम उलटा होतो आणि स्नान सर्वांच्या आधी अवघड होते. घरातील वडील माणूस स्नानास टाळाटाळ करू लागले, तर तो हट्ट किंवा आळस समजून बोल लावू नये. ओल्या न्हाणीघरात पाय घसरण्याचे भय त्यामागे असू शकते, आणि उतरंडीची ती पहिली खूण असू शकते.

पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी या सूचीस आठ व्यवहारांची जोड दिली : टेलिफोन वापरणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, स्वतःची औषधे वेळेवर घेणे आणि पैशाचे व्यवहार. पहिल्या सूचीतील कर्मे देहाची आहेत, दुसऱ्या सूचीतील संसाराची आहेत. माणूस बहुधा संसाराची कर्मे आधी गमावतो आणि देहाची मागाहून. यातच सावध होण्यास अवधी मिळतो.

हा विचार केवळ पुस्तकी राहू नये, म्हणून गोव्यापासून पुष्कळ दूर असलेल्या एका गावाकडे वळणे इष्ट होईल. तेलंगणाच्या उत्तर टोकास आदिलाबाद जिल्ह्यात, निर्मळहून आदिलाबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर इचोडा हे मंडलाचे गाव आहे. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा महामार्ग सांप्रत ४४ क्रमांकाने ओळखला जातो. पूर्वी येथे त्याचा क्रमांक ७ होता. भोवताली काळी जमीन, कापूस, सोयाबीन व तूर ही पिके, आणि पूर्वेकडे गोंड व कोलाम यांच्या वस्त्यांचा डोंगराळ मुलूख. या पट्ट्यात तेलुगू, गोंडी, उर्दू, बंजारा बोली आणि मराठी अशा अनेक भाषा एकाच बाजारात कानी पडतात. मराठी बोलणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहेत.

गोमंतकीय महाजनांस इचोडा परका वाटेल. परंतु दोन्ही ठिकाणच्या वृद्धांच्या नशिबी एक समान गोष्ट आलेली आहे. आदिलाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राजभाषा उर्दू होती. सप्टेंबर १९४८ मध्ये ते संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि इचोड्याचा भाग आंध्र प्रदेशात राहिला; २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. ज्याने बालपणी सरकारदरबारी उर्दू ऐकली, घरी मराठी बोलली, त्याला उतारवयात कचेरीचा कागद तेलुगूत येतो. गोव्यातही १९ डिसेंबर १९६१ पूर्वी ज्यांनी लिसेंवमध्ये पोर्तुगीज आणि घरी अथवा शाळेत मराठीचे अध्ययन केले, त्यांच्या हाती आज बँकेचा अर्ज इंग्रजीत येतो आणि टेलिफोनवर यंत्राचा आवाज इंग्रजीत बोलतो. दोघेही सुशिक्षित असून स्वतःच्याच गावी निरक्षरासारखे होतात. लॉटन आणि ब्रॉडी यांच्या सूचीतील निदान तीन व्यवहार, म्हणजे टेलिफोन, औषधे व पैसा, हे अंगातील शक्ती शाबूत असतानाही केवळ लिपीपायी हातातून निसटतात.

यावरील उपाय साधा आहे आणि त्यास एक पैचाही खर्च नाही. औषधाच्या पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र हे शब्द त्या व्यक्तीस वाचता येणाऱ्या लिपीत ठळक अक्षरांनी लिहावेत. रोजच्या औषधांची नावे, ती कशासाठी आहेत आणि किती घ्यावयाची आहेत हे एका कागदावर त्याच लिपीत लिहून तो कागद देवघराशेजारी चिकटवावा. मुलाने वा सुनेने रोज गोळ्या तळहातावर आणून दिल्या तर काम लवकर उरकते खरे. पण कोणती गोळी कशाची हे ज्ञान वृद्धाच्या मनातून पुसले जाते, आणि ज्या दिवशी मुलगा परगावी असतो त्या दिवशी घोटाळा होतो.

आता देहाच्या कर्मांकडे येऊ. इचोड्याच्या परिसरातील साध्या शेतकरी कुटुंबात वृद्ध स्त्री पहाटे बाजेवरून उठते, अंगण झाडते, चुलीपुढे बसते, तुरीच्या शेंगा सोलते, शेळीला चारा टाकते, नातवंडांवर लक्ष ठेवते. वृद्ध पुरुष काठी घेऊन वावरापर्यंत जातो आणि गुरे घेऊन परततो. ही कामे कोणी त्यांस व्यायाम म्हणून सांगितलेली नसतात. गरजेपोटी ती करावी लागतात. त्या गरजेचे कौतुक करण्याचे कारण नाही, कारण तिच्यात दारिद्र्याचाही वाटा आहे. तथापि भुईवर बसून पुन्हा उठणे ही क्रिया दिवसातून वीस-पंचवीस वेळा घडते, आणि मांड्यांचे स्नायू तिच्यामुळे शाबूत राहतात. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठता येणे हे वार्धक्यातील बळाचे एक विश्वसनीय माप आहे, आणि वैद्यही तीस सेकंदांत कितीदा उठता-बसता येते हे मोजून पायांच्या बळाचा अंदाज बांधतात.

याच्या उलट चित्र सुस्थितीतील घरांत दिसते, आणि ते दुःखाचे आहे, कारण त्याचा उगम प्रेमात आहे. सासूबाई राजांगणातून स्वयंपाकघराकडे निघाल्या की सून म्हणते, "आई, तुम्ही बसा, मी करते." मुलगा परदेशातून पैसे पाठवितो आणि आईस पाणी भरावे लागू नये म्हणून कामास बाई ठेवतो. वडिलांस कुळागरात जाऊ देत नाहीत, कारण वाट निसरडी आहे. प्रत्येक गोष्ट सद्‌हेतूने केलेली असते. पण वर्ष-दीड वर्षात ज्या माउलीने शंभर पानांचे जेवण उठविले होते, तिला आरामखुर्चीतून उठावयास दोन माणसे लागतात, आणि सर्वजण म्हणतात, वय झाले. त्यातील बराचसा भाग वयाचा नसून निष्क्रियतेचा असतो.

हे विधान अनुभवाप्रमाणेच प्रयोगांनीही सिद्ध झालेले आहे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्रीपुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांस झडले. एखाद्या तापाने वृद्ध माणूस आठवडाभर पडून राहिला की नंतर त्याचे पाय का डगमगतात, याचे उत्तर येथे मिळते. दुसरा प्रयोग आशा वाढविणारा आहे. बोस्टन येथे १९९० साली वैद्य फियातारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शुश्रूषागृहातील नव्वदीच्या घरातील दहा स्त्रीपुरुषांकडून आठ आठवडे मांड्यांच्या बळाचा व्यायाम देखरेखीखाली करून घेतला. त्यांच्या स्नायूंची शक्ती सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी चालताना लागणारी काठी बाजूस ठेवली. नव्वदाव्या वर्षीही स्नायू शिकविल्यास शिकतो, हे त्या दिवसापासून निर्विवाद झाले.

मनाविषयीही असेच आढळते. एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७६ मध्ये कनेटिकट येथील एका शुश्रूषागृहात एक साधा प्रयोग केला. काही वृद्धांना सांगण्यात आले की, आपली खोली कशी लावावी, वेळ कसा घालवावा हे तुम्हीच ठरवा. आणि प्रत्येकास एक रोपटे देऊन त्याची निगा त्याच्याकडेच सोपविण्यात आली. दुसऱ्या गटासही रोपटे मिळाले, पण त्याला पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे ठेवले गेले आणि आम्ही तुमची सर्व काळजी घेऊ असे त्यांस सांगण्यात आले. तीनच आठवड्यांत पहिला गट अधिक उत्साही व सावध दिसून आला. अंगणातील तुळशीला पाणी कोणी घालावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही, असा त्याचा अर्थ.

इचोड्याकडे पुन्हा वळता, तेथील वृद्धांची स्थिती सर्वस्वी सुखाची आहे असा समज करून घेऊ नये. उन्हाळ्यात त्या मुलखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हिवाळ्यातील काही पहाटे एक आकडी थंडीच्या असतात. वार्धक्यात तहानेची जाणीव मंदावते, शरीर उष्णता लवकर बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तदाबासाठी घेतलेल्या काही औषधांनी शरीरातील पाणी आणखी कमी होते. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी पाणी, ताक किंवा पेज घेणे आणि दुपारी उन्हात न जाणे, हा तेथे जीवनमरणाचा नियम ठरतो. गोव्यात उष्मा तितका नसला तरी दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून हाच नियम येथेही पाळावा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण वैद्याकडूनच ठरवून घ्यावे.

दुसरी अडचण अंतराची आहे. आदिलाबाद शहरी २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, परंतु आडवळणाच्या वस्तीतून महामार्गापर्यंत येणे हाच वृद्धास मोठा प्रवास असतो. म्हणून डोळ्यांवरचा पडदा वर्षानुवर्षे तसाच राहतो. २०१५ ते २०१९ या काळात भारतात झालेल्या अंधत्वाच्या राष्ट्रीय पाहणीत, पन्नाशीनंतरच्या अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतिबिंदूमुळे आलेले आढळले. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया ही आज लहान व सुरक्षित झालेली आहे. जे अंधत्व थोड्या वेळात जाते ते वर्षानुवर्षे सोसणे, आणि त्यापायी पडणे, हाड मोडणे व अंथरूण धरणे, ही साखळी पहिल्याच कडीशी तोडता येते. कानांचेही तसेच. ऐकू कमी येऊ लागले की माणूस बैठकीतून उठून जातो, बोलणे सोडतो, आणि लोक त्याला विसराळू म्हणू लागतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे नमूद केली; त्यांत श्रवणदोष, उपचार न केलेला दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, निष्क्रियता आणि एकलकोंडेपणा यांचा समावेश आहे. या कारणांचा पुरता बंदोबस्त झाला तर जवळजवळ निम्मे, म्हणजे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे.

तिसरी गोष्ट हातातील पैशाची. तेलंगणात २०१४ साली आसरा नावाची निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. प्रथम दरमहा १००० रुपये आणि २०१९ पासून २०१६ रुपये अशी रक्कम वृद्धांस देण्यात येऊ लागली. गोव्यातही दयानंद सामाजिक सुरक्षा योजना २००१ च्या सुमारास आखली गेली. रक्कम लहान असो वा मोठी, ती वृद्धाच्या स्वतःच्या हाती पडली तर नातवाला खाऊ देण्याचा, देवापुढे दक्षिणा ठेवण्याचा आणि स्वतःचा चष्मा स्वतः घेण्याचा अधिकार तिच्याबरोबर येतो. पुष्कळ घरांत पासबुक मुलाकडे असते. बँकेत जाणे शक्य नसेल तर मुलाने जरूर जावे. पण आणलेले पैसे प्रथम त्या माउलीच्या हाती द्यावेत, आणि मग तिने ज्याला द्यावयाचे त्याला द्यावेत.

या सर्वांहून सूक्ष्म अशी एक गोष्ट त्या डोंगराळ मुलखात पाहावयास मिळते. इचोड्याच्या शेजारील इंद्रवेल्ली मंडलात केसलापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. गोंडांतील मेस्राम कुळाचे ते दैवत. कुळातील मंडळी पायी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, आणि घरात आलेल्या नव्या सुनांची भेट याच प्रसंगी दैवताशी व कुळातील वडीलधाऱ्यांशी घडविली जाते. वडीलधारी मंडळी तेथे पाहुणे म्हणून बसत नाहीत, तर त्यांच्यावाचून विधीच पुरा होत नाही. त्याच मुलखातील मारलवाई गावचे कनक राजू यांनी गुस्साडी नृत्य उतारवयापर्यंत तरुणांस शिकविले. २०२१ साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते निवर्तले. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही आहे आणि घेणारा कोणी आहे, त्याला उठून बसावयास कारण सापडते. गोव्यातील देवस्थानांतही जुन्या आरत्यांच्या चाली, पालखीचा क्रम, कुळावींची नाती, जुन्या दप्तरातील पोर्तुगीज कागदांचा अर्थ हे सारे ज्ञान ज्येष्ठांपाशीच आहे. ते मागून घेणारा तरुण पुढे आला पाहिजे.

आता घरात करावयाच्या काही गोष्टी क्रमाने पाहू. वार्धक्यातील परावलंबनाचे सर्वांत मोठे दार म्हणजे पडणे होय. न्हाणीघरात भिंतीला घट्ट बसविलेला लोखंडी दांडा, न घसरणारी फरशी किंवा चटई, बसून स्नान करण्यासाठी पाट न ठेवता भक्कम उंच स्टूल, शौचकूपाशी आधार, आणि अंथरुणापासून तेथवर रात्रभर जळणारा मंद दिवा, एवढ्याने पुष्कळ घात टळतात. जुन्या घरांचे उंबरठे उंच असतात; त्यांच्या कडेस पांढरा पट्टा ओढावा. अंथरुणातून एकदम उठू नये. प्रथम कडेला बसून पाय हलवावेत, मग उभे राहावे, कारण एकाएकी उभे राहिल्याने रक्तदाब उतरून भोवळ येते. घरात सैल सपाता न घालता टाच बांधलेली पादत्राणे वापरावीत.

हालचालीविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेला सल्ला असा की, पासष्टीनंतरही आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल असावी आणि तीन दिवस तोल व बळ वाढविणारे व्यायाम असावेत. सकाळ-संध्याकाळ देवळापर्यंत चालणे, खुर्चीवरून दहादा उठणे-बसणे, आणि ओट्याला धरून एका पायावर क्षणभर उभे राहणे, यात तो सल्ला बहुतांशी सामावतो. हृदयविकार असलेल्यांनी वैद्यास विचारून आरंभ करावा. आहारातही एक चूक सर्वत्र दिसते. वय झाले म्हणून रात्री चहा व पाव किंवा नुसती पेज यांवर भागविले जाते. वस्तुतः स्नायू टिकविण्यास वृद्धास प्रथिनांची गरज अधिक असते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ग्रॅम किंवा किंचित अधिक, असे तज्ज्ञांचे मत आहे. इचोड्याकडील भाकर, तुरीचे वरण व ताक, किंवा गोव्यातील मासळी, अळसांदे व मूग, यांतून ती भागते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र वैद्याचा शब्द अखेरचा मानावा.

मालमत्तेचा प्रश्न नाजूक असला तरी टाळता येण्यासारखा नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने आईवडील व मुले यांच्यावर परस्परांच्या पोषणाची जबाबदारी घातलेली होती, हे गोव्यातील जुन्या पिढीस ठाऊक आहे. २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषणाचा व कल्याणाचा कायदा केला. त्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने मालमत्ता दिली आणि नंतर सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. यास्तव अशी अट कागदावर स्पष्ट लिहून घेणे शहाणपणाचे आहे. तसे केल्याने मुलांवर अविश्वास दाखविला असे होत नाही. राहते घर हयातीपर्यंत आपल्या नावे असणे, हा वृद्धाच्या स्वावलंबनाचा पाया होय. अडचणीच्या वेळी ज्येष्ठांसाठी १४५६७ हा टेलिफोन क्रमांक आहे. या सेवेचा आरंभ हैदराबादेस झाला आणि २०२१ मध्ये ती देशभर नेण्यात आली.

स्वावलंबनाचा अर्थ कोणाचीही मदत न घेणे असा केला, तर तो अहंकार ठरेल आणि घातकही ठरेल. पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा दुर्धर रोग आला म्हणजे परावलंबन येतेच. तेव्हाही काही निवड त्या व्यक्तीच्या हाती ठेवता येते. आधी स्नान की आधी चहा, कोणते लुगडे नेसावयाचे, खिडकी उघडी ठेवावयाची की मिटावयाची, हे विचारून घ्यावे. घास भरविण्याआधी चमचा तिच्या हाती देऊन पाहावा. अर्धा सांडला तरी हरकत नाही. आणि ही सर्व सेवा बहुधा एकाच सुनेच्या किंवा लेकीच्या माथी पडते, हेही विसरू नये. तिला आठवड्यातून एक दिवस तरी मोकळा मिळाला पाहिजे. त्या दिवशी मुलाने, दिराने वा भाच्याने ते काम करावे. सेवा करणारीच खचली तर सेव्य व्यक्तीचे स्वावलंबन टिकत नाही.

अखेर महाजन संस्थेचे कर्तव्य. देवळाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंस हात धरावयाचे दांडे, प्राकारातील शेवाळलेल्या फरशीची पावसाळ्यापूर्वी सफाई, भुईवर बसता न येणाऱ्यांसाठी सभामंडपात हात असलेल्या खुर्च्या, आणि अग्रशाळेत तळमजल्यावर निदान दोन खोल्या व बसता येईल असे शौचकूप, इतकी व्यवस्था कोणत्याही देवस्थानास जड नाही. उत्सवाच्या दिवसांत एक दिवस डोळे, कान व रक्तदाब तपासण्याचे शिबिर भरविता येईल. ज्या कुटुंबांतील तरुण मुंबई, आखात किंवा पोर्तुगालला गेले आहेत, त्यांच्या घरी एकटे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांची यादी करून, दर आठवड्यास कोणीतरी जाऊन चौकशी करील अशी पाळी लावता येईल. मात्र या कामाची योजना आखताना त्या वडीलधाऱ्यांनाच समितीत बसवावे. कोणती पायरी उंच आहे हे त्यांच्या गुडघ्यांहून अधिक कोणास ठाऊक असणार?

इचोड्यातील ओसरी असो वा गोव्यातील राजांगण, वृद्धाच्या हातचे काम काढून घेणे सोपे आहे. ते काम त्याच्या हातून सुखरूप होत राहील अशी तजवीज करणे कष्टाचे आहे. महाजन कुटुंबांनी हा दुसरा मार्ग पत्करावा. पुढील उत्सवास घरातील प्रत्येक वडील माणूस आपल्या पायांनी, लागल्यास काठीने व लागल्यास नातवाचा हात धरून, पण स्वतःच्या इच्छेने देवळाची पायरी चढो, एवढेच देवाच्या चरणी मागणे आहे.